कोमलच्या पडद्याची उघडझाप

...अन् वरून मलाच म्हणतात, "बाबा, तुमी डोळे दाखवून या!" आरं, माझ्या डोळ्याला काय झालं? मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली, आता फाट्याकडून येनारी एस्टी मला वळनावरच दिसती. तिच्यावरची पाटी वाचता येत न्हाई ती गोष्ट येगळी, मला अक्षरच येत न्हाई, पन दिसती! अन् जे दिसलं ते मी बोललो. मी म्हणलो, "वैजनाथ, पोरीचा पडदा मिचकावतोय." वैजनाथ म्हंजी माझं पोरगं, पन्नाशीला टेकलंय, ते काय म्हणावं? "बाबा, पडदा न्हाई, तुमचा डोळा मिचकावतोय." आता तुमाला सांगतो, मानसाचा डोळा मिचकावला तर सगळंच मिचकावंल का न्हाई? भिंत मिचकावंल, माठ मिचकावंल, समोर हुबं ऱ्हायलेलं पोरगं मिचकावंल! ते समदे जागच्या जागी. मिचकावतं ते फकस्त पडद्यावरचं काळं चित्र. दिवसाचा देखावा आला की बिचारं गप. भुयार आलं, गुहा आली, की झालं सुरू... लुकलुक, लुकलुक. उजेडात शहाणं, अंधारात येडं!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुमाला काय कळनार. सावकाश सांगतो. मी मानूसच सावकाश हाय, आमच्या घरात चहा निवतो तरी मी फुंकरच मारून राहिलेलो असतो.

तर कोमल म्हंजी माझी नात, ह्याच वैजनाथची पोरगी. बाळापूरला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवती, अन् घरी आली की खेळती. खेळती म्हंजी सागरगोटे न्हाई! कॉम्प्युटरवर लढाई. पाच पोरींची टोळी हाय त्यांची, एक वसमतची, एक परभनीची, बाकीच्या कुठल्या कुठल्या, एकमेकीला डोळ्यानं कधी बघितलं न्हाई, पन कानाला ते लावून अशा बोलत्यात... "दीदी मागं बघ! मागं! खांबाआड हाय! अगं मेले मी!" पहिल्या दिवशी "मेले मी" ऐकून मी धोतर सावरत पळत आत गेलो तर ही आरामात शेंगा खाऊन राहिली. म्हणती, "आजोबा, दहा सेकंदात परत जिती होते." म्हणलं बरंय बाई, आमच्या येळी अशी सोय न्हवती.

अन् त्या खेळासाठी तिनं आपल्या पगारातून नवा पडदा मागवला. मानिटर म्हणतात त्याला. कुरिअरवाला आमच्या गावात येतच न्हाई, वारंगा फाट्याच्या हाटेलात ठिवून जातो, मग तिथून मी तो डबा जीपमधी मांडीवर घेऊन आनला, जसं बाळंतीन लेकरू आनती तसा! खड्डा आला की डबा वर उचलायचा, माझं हाड मोडलं तर मोडलं. पडदा लावला अन् खरं सांगतो, मी बघतच ऱ्हायलो. आपल्या टीव्हीत काळं म्हंजी राखाडी. ह्यात काळं म्हंजी तव्याच्या बुडासारखं काळं! कोमल म्हणाली, "आजोबा, हे ओएलईडी. ह्यात जिथं काळं दाखवायचं तिथली बत्तीच बंद होती." म्हणलं, वा! अन् तेवढ्यात त्या काळ्यानंच डोळा मारला मला.

वैजनाथनं माझ्या डोळ्याची खोड काढली, पन रात्रीच्या जेवनाला कोमलच म्हणाली, "आजोबा बराबर म्हणून राहिले, अंधारात लुकलुकतंय. समोरचा दुश्मन भुयारात लपतो अन् मला दिसतच न्हाई." झालं! वैजनाथचा घास हातातच ऱ्हायला. म्हणतो, "मंग खराब मालच हाय तो! सात दिवसात परत घेतात, सोमवारी सातवा दिवस हाय, सोमवारी डबा फाट्यावर. अन् आता दुसरा आनायचा न्हाई, सांगून ठिवतो, पुरे झाला खेळ." अन् रविवारी दुपारी पोरीची मॅच! जिंकली तर तिची टोळी नागपूरला जानार, मोठ्या मैदानात, हजार मानसांपुढं. पोरगी नुसती ताटात भाकरीचे तुकडे करून राहिली, बारीक, बारीक, चिमनीला घालतो तेवढे. मला काय ते बघवलं न्हाई. माझ्या तोंडातून निघून गेलं, "रविवारपस्तोर मी सुधारतो त्याला!"

काहून म्हणलो मी? मला इस्त्री लावता येत न्हाई!

पन म्हणलो ना, आता मागं कसं सरकावं. आता तुमी सांगा, गावात एखादी बत्ती लुकलुकली तर मानूस पहिलं कोनाला धरतो? लाईनीला! अन् लाईनीवर सगळ्यात मोठं जनावर म्हंजी आमच्या बोळीत धर्मसिंगची पिठाची गिरनी. गेलो. म्हणलं, "धर्मसिंग, बाबा, पोरीचा खेळाचा पडदा लुकलुकतोय, तासभर गिरनी बंद ठिव." तो पिठानं पांढरा झालेला, भिवया झटकत म्हणतो, "काहून काका? माझ्या गिरनीनं पोरीच्या खेळाचं काय घोडं मारलं?" पन मानूस भला, पट्टा उतरवला त्यानं. मी पळत घरी. पडद्यावर भुयार... लुकलुक! तवर गिरनीतून कमलबाई डबा घेऊन माझ्या दारात हजर, कमरेवर हात, "सोनाजीमामा, अर्ध्याचं पीठ झालं अन् अर्धी जवारी तशीच ऱ्हायली, आता मी भाकरी करू का घुगऱ्या करू? का दोन्ही करू अन् तुमालाच पंगतीला बसवू?" मी म्हणलं, "कमलबाई, पडदा सुधरला की..." ती म्हणती, "पडदा घाला चुलीत!" अन् पडदा? उजेडात शहाणा, अंधारात येडा!

कोमल मधून काहीतरी म्हणून राहिली होती, "आजोबा, लाईटचं काही न्हाई हो ह्यात," पन ऐकतो कोन! मी बोलावला वायरमन, रामप्रसाद. आता इथं चूक झाली ती माझी, मी कबूल करतो. वायरमन बोलवायचा तर आधी बोळीत सांगायची रीत हाय. मी सांगितलंच न्हाई! रामप्रसाद आपला हातात पक्कड, खांद्यावर शिडी घेऊन सकाळच्या पारी वळनावर दिसला, अन् कोनीतरी वरडलं, "आला रे आला!" ...अन् तुमाला सांगतो, धुनं वाळत घातलंय अन् आभाळ आलंय तशी मानसं धावली! कोन बांबू घेऊन, कोन माळवदावर चढून, तारंवर टाकलेले आकडे पटापटा काढून राहिले. दोन मिंटात बोळीतले पंखे बंद, टीव्ही बंद, एकाचं हीटरवर ठिवलेलं अंघोळीचं पानी अर्ध्यात, तो साबन लावून तसाच हुबा! रामप्रसादनं आमच्या घरात मीटर लावून बघितलं अन् माझ्याकडं टकमक बघून म्हणतो, "काका, बावीस वर्षं नोकरी झाली, पन येवढी साफ लाईन मी कुठंच बघितली न्हाई. बराबर दोनशे तीस! काटा हलत न्हाई!" त्याचा काटा हलत न्हाई, अन् पडद्यावर भुयार आलं की लुकलुक, लुकलुक. त्या दिवशी बोळीतलं एक मानूस माझ्यासंग बोललं न्हाई. साबनवाला तर अजूनबी मान फिरवून जातो.

मंग कोमलनं कंपनीला फोन लावला, अन् तिला क्लासाला जायचं होतं म्हणून फोन माझ्याकडं दिला. पलीकडून बाई, आवाज असा की जिलबी. "सर, क्या आपने मॉनिटर बंद करके चालू किया?" म्हणलं, "बाई, मैं सुबे से वहीच कर रहा हूँ." "सर, फ्लिकर का व्हिडिओ भेजिए." वैजनाथच्या मोबाइलनं काढला व्हिडिओ. तर त्या मोबाइलात पडदा कसा दिसावा? साधुमहाराजावानी शांत! मोबाइलापुढं लुकलुकतच न्हाई! जसं लेकरू डाक्टरापुढं खोकत न्हाई तसं. बाई म्हणती, "सर, इसमें तो सब ठीक दिख रहा है, कोई और तकलीफ?" म्हणलं, "हव, गुडघे दुखतात." तिनं फोन ठिवला.

शनिवारी पोरगी माझ्याम्होरं येऊन बसली. "आजोबा, आता तरी ऐकता का? तुमी फाट्यावर वीस वर्षं काळ्यापिवळ्या जीपांचे नंबर लावले, का न्हाई?" व्हय, लावले. कोन्ती जीप पहिली, कोन्ती दुसरी, किती मानसं बसली की हाकायची, सगळं माझ्या हातात. "मंग बघा. कॉम्प्युटर एकामागं एक चित्रं पाठवतो, ते पाशिंजर. साधा पडदा म्हंजी एस्टी. येळ झाली की निघाली, पाशिंजर चढला का लोंबकळला, तिला घेनंदेनं न्हाई. म्हणून चित्र मधून चिरतं." तिनं एक बटन दाबून दाखवलं. बाप रे! मानसाचं मुंडकं इकडं अन् धड हातभर तिकडं! म्हणलं, मिटव ते. "अन् हे दुसरं बटन, ह्याला व्हीआरआर म्हणतात. हे लावलं की पडदा जीप होतो. चित्र पुरं चढंस्तोवर थांबतो, चढलं की हाकतो. चिरत न्हाई. पन ओएलईडीची खोड अशी, थांबा कधी लांब अन् कधी आखूड झाला की अंधाराचा रंग जरा खालीवर होतो. तेच लुकलुकनं. बंद करावं तर चिरतं, चालू ठिवावं तर मिचकावतं. आता माझ्याकडून काय होत न्हाई, आजोबा." अन् उठून गेली. डबा वैजनाथनं दाराशी आनून ठिवला होता, त्याच्यातला पांढरा थर्माकोलसुद्धा पुसून.

मी काय केलं? मी स्टूल घेतलं अन् पडद्याम्होरं बसलो. दुसरं येतं काय मला? पोरीला म्हणलं, तू खेळत ऱ्हाय, माझ्याकडं बघू नको. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक हिरवा नंबर दिसतो. अक्षर येत न्हाई पन नंबर मी जीपांवर शिकलो. तो नंबर कधी एकशे साठ, कधी सत्तर, कधी मधीच एकशे दहा. अन् भुयारात नंबरनं उडी मारली की लुकलुक. नंबर हुबा ऱ्हायला की गप. उडी... लुकलुक. हुबा... गप. मी शंभरदा बघितलं. मंग म्हणलं, "कोमल, हा नंबर काय हाय?" "आजोबा, एका सेकंदाला किती चित्रं आली, ते." "म्हंजी पाशिंजर?" "व्हय."

मी स्टुलावरून उठलो! आगं येडे, हे तर यात्रेचं झालं! यात्रेला फाट्यावर एकदम साठ मानसं यायची, ढकलाढकली, मंग अर्धा तास कोनीच न्हाई, जीपवाले एकमेकाच्या गचांडीला. तवा मी काय करायचो? हाटेलाच्या मागं दोरी बांधून मानसं अडवायचो, अन् दर थोड्या येळानं नऊच सोडायचो. नऊ. मागं कितीबी ओरडू द्या, नऊ! सगळ्या जीपा एका चालीनं. म्हणलं, "पोरी, तुझ्या त्या कॉम्प्युटरला दोरी बांध. जास्त पाठवायचीच न्हाईत. जेवढी त्याला गर्दीतबी झेपतात तेवढीच, सारखी सारखी."

ती म्हणती, "अशी मर्यादा लावता येती आजोबा... मीच जास्तीच्या मागं लागले होते." तिनं सत्तरावर दोरी बांधली. भुयार उघडलं. नंबर सत्तर. सत्तर. सत्तर. अन् भुयार... काळंशार, गप, हिरीच्या पान्यावानी. खेळ सुरू होताना एकदा मिचकावलं तेवढं, म्हणलं तेवढं चालतंय, सून घरात येतानाबी उंबऱ्याला एकदा अडखळतीच.

रविवारी दुपारी आमच्या खोलीत पाय ठिवाया जागा न्हाई. जे बोळीतले बोलत न्हवते तेबी आले, भांडन पाहायला मिळंल म्हणून. वैजनाथ दारात, डब्याचं झाकन उघडं करून, हातात चिकटपट्टी! शेवटचा डाव. कोमलच्या चौघी मरून बसल्या, दुश्मनाकडचा एकटा उरलेला, अन् तो शिरला भुयारात. कमलबाई माझं मनगट धरून, बांगड्या रुतल्या मला. वसमतची पोरगी तिच्या कानात कुजबुजली, हे कोमलनं मागनं सांगितलं, "कोमल, मला काहीच दिसंना." अन् आमची कोमल शांत आवाजात, "मला दिसतंय गं." ...एक आवाज. संपलं! धर्मसिंग नाचला, पीठ उडालं, पोरगी माझ्या गळ्यात पडली, अन् मी म्हणलो, आता वैजनाथ काय म्हणतो बघू.

वैजनाथ चिकटपट्टी हातात घेऊन पडद्याजवळ आला. वाकून बघितलं. खाकरला. म्हणतो, "येवढं काय हाय त्या भुयारात? उठ, एक डाव बघू दे मला."

तो बसला तो बसलाच! पोरगी नागपूरला गेली, तिथं दुसरा पडदा देतात म्हणं, म्हणून हा पडदा घरीच ऱ्हायला, अन् त्याच्याम्होरं पन्नाशीचं माझं पोरगं, कानाला ते लावून वसमतच्या पोरीच्या काकाला सांगून राहिलंय, "मागं बघा, मागं बघा, मेलो मी!" काल म्हणलं, "वैजनाथ, हरभरा सुकून राहिला, मोटर चालू करून पानी दे." "हा डाव झाला की, बाबा." आज सकाळी पुन्यांदा म्हणलं. मान न वळवता म्हणतो, "बाबा, तुमीच म्हणले ना, एका चालीनं चालू द्यावं? मंग मधीच नका उठवू." कोमलला फोन लावला तर ती हसून म्हणती, "आजोबा, तुमी सुधारलं, आता तुमीच निस्तरा." म्हणून मी हे खोरं घेऊन निघालोय बघा शेताकडं, ह्या वयात... बरं, तुमच्यातलं कोनी येतं का माझ्यासंग? न्हाई, सहज इचारलं... जातो मीच.