गोदामाचं रेकॉर्डिंग

—नाही नाही मॅडम, तो पेन ड्राइव्ह ठेवा खाली. तो प्लास्टिकचा, एकदा बुटाखाली आला की संपला. हा घ्या, धातूचा. आणि पाकिटावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका हं. तो वेग ड्राइव्हमधलं वाचायचा असतो, त्यात लिहायचा नव्हे. लिहायला बसला की हाच गडी रांगायला लागतो. काय भरायचंय? चार कॅमेरे, तीन तास? मग चौसष्ट जीबी पुष्कळ झाले. घाई आहे? आहेच म्हणा—मनगट काळंनिळं पडलंय तुमचं, म्हणून आपलं विचारलं. बरं, नाही विचारत.

मीसुद्धा कॅमेऱ्यांवरच होतो. एका गोदामात. वरच्या मजल्यावर खोली, पडद्यावर सोळा चौकोन, दिवसभर तेच बघत बसायचं. माझे दाजी—ताईचा नवरा—खाली माल उतरवायचे, मीच चिकटवलं होतं त्यांना. एका दुपारी मुकादमाशी वाजलं. पेटी पडून एकाचा पाय गेला होता. दाजी म्हणाले, चूक तुमची, लिहून द्या. झालं! मुकादमासकट चौघांनी धरलं. सातव्या चौकोनात. आवाज नसतो हो त्याला—पहार वर जाते, खाली येते, आणि आवाजच नाही. आधी गुडघे. मग दाजी हात वर करून काहीतरी म्हणत होते, तर हातांवर. मग डोकं. मी? मी बघत होतो. धावलो का नाही? अहो, चौघं होते, मॅडम! आणि—आणि रेकॉर्डिंग कुणी सांभाळायचं?

दाजी तिथंच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा निरोप—बाराच्या आत कालचं सगळं पुसून टाक. मी आधी पेन ड्राइव्ह लावला. स्वस्तातला. पडद्यावरची कॉपीची पट्टी सरकता सरकेना. चाळीस टक्के—पंचेचाळीस—जिन्यात बूट वाजले. दारावर लाथ, दुसरी लाथ, कडी उचकटली, मुकादम आत! ताईला मी हेच सांगितलं, पोलिसांनाही हेच—ड्राइव्ह हळू होता, पट्टी अर्ध्यावरच राहिली, नाहीतर चौघंही आत असते. पेटी पडून गेले, असं लिहिलं गेलं शेवटी. म्हणून तर हे दुकान टाकलं, म्हणून येईल त्याला वेगाचं सांगत बसतो—

काय म्हणालात? अर्ध्यावर होती, तर अर्धं तरी हाती आलं असतं?

...आलं असतं.

सहा वर्षांत कुणी हे विचारलं नाही बघा. ताईनंसुद्धा नाही. कडी मीच काढली, मॅडम. पट्टी केव्हाच संपली होती, सगळं उतरलं होतं, दाजींचा चेहरासुद्धा—ड्राइव्ह माझ्या खिशात होता, गरम. मुकादमानं बोटही लावलं नाही मला. पहार टेबलावर ठेवली, धुतलेली, ओलीच, आणि म्हणाला, "तूच कर." ड्राइव्ह खिशातून काढून टेबलावर ठेवला, केलं. पहिल्या घावात टोपण उडालं, दुसऱ्यात आतली चिप दुभंगली, आणि मग मला थांबताच येईना—तो म्हणतोय, "बस, बस रे," आणि मी आपला हाणतोय, हाणतोय, टेबलाची फळी फुटली तरी हाणतोय. शेवटी तोच घाबरून मागं सरकला. कुणाला मारत होतो, देव जाणे. आणि ताई? ताई दर आठवड्याला येते, पाठीवरून हात फिरवते, म्हणते, तू तुझ्या जिवावर उदार झालास रे आमच्यासाठी.

असो. दोन घ्या. एकावर भरोसा नको, दोन्हीवर उतरवा, उतरलं की उघडून बघा, आणि एक वकिलाकडे, दुसरा—

छे! माझ्याकडे? एवढं ऐकलंत आणि माझ्याकडे ठेवायचं म्हणताय? नको. उचला ते दोन्ही ड्राइव्ह काउंटरवरून. दाराबाहेर गाडीत कोण बसलाय तो, तुमच्याबरोबरचाच ना? नाही? मग इथून नको, मागच्या दारानं जा. पैसे राहू द्या. जा म्हणतो ना!