दुसरा नळ

(बल्गेरियातलं व्रात्सा शहर. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं चिंचोळं टॉयलेट, दार उघडं. बेसिनला दोन नळांची जागा, एकीवर नळ, दुसरीवर प्लास्टिकचं झाकण. वरच्या मजल्यावर ठोकाठोकी चालू आहे.)

दिल्याना : हात इकडे करा बघू. बोटं टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी, तिथून पुढे लाल. मध्ये रेघ ओढल्यासारखी. काल ही रेघ पहिल्या पेरावर होती.

त्सोना : तुझी लॅब हॉस्पिटलात ठेवून येत जा, पोरी. मोजे धुतले, बास.

दिल्याना : जानेवारीत, गार पाण्यात.

त्सोना : पाणी जायच्या आधी बेसिन भरून ठेवलं होतं. फुकट घालवू?

दिल्याना : आई, वर दिमोव्हांकडे किरोभाऊ काम करतायत. सगळ्या लाइनचं पाणी बंद आहे. आपल्या घरापुरता कॉक गंजून बसलाय, फिरत नाही. आपलं काम काढायचं तर जिन्यात कागद लावून सगळ्यांचं पाणी तोडावं लागेल, वर बोलणी खायची. आज ते आयतं बंद आहे.

त्सोना : मग?

दिल्याना : बॉयलर या भिंतीच्या पलीकडे आहे. दोन विती. एक भोक पाडायचं, पाइप इकडे घ्यायचा, या झाकणाच्या जागी नळ बसवायचा.

त्सोना : आणि हात धुवायचे म्हटलं, की शॉक नको म्हणून आधी बॉयलर बंद करायला पळायचं.

दिल्याना : आंघोळीपुरता बंद करतो तेवढं पुरे.

त्सोना : अंगेलने चालू बॉयलरच्या पाण्याला कधी बोट लावलं नाही.

दिल्याना : बाबा हार्टने गेले. बॉयलरने नाही.

त्सोना : बंद करायचा म्हणून.

दिल्याना : बोलावू का किरोभाऊंना?

त्सोना : नळ पलंगाखाली आहे, खोक्यात. माझ्या प्लामेनने आणलाय. मी आल्यावर बसवतो म्हणालाय.

दिल्याना : कधी आल्यावर?

त्सोना : ईस्टरला.

दिल्याना : कुठल्या?

त्सोना : असं बोलू नकोस. या घरातले सगळे पाइप त्याच्या बापाने टाकलेत. बाहेरचा माणूस पाना घेऊन इथे कधी आला नाही. किरो आत आला की सगळ्या जिन्याला कळेल.

दिल्याना : जिन्याला कळून जुनं झालं. तळमजल्यावरची पेन्का आधी रोज विचारायची, तुझा नवरा स्पेनहून कधी येतोय. आता काही विचारत नाही. नुसती चीज घालून भाजलेली बानित्सा देते ताटलीभर.

त्सोना : कोरडी असते तिची बानित्सा.

दिल्याना : असते.

त्सोना : तो निघाला तेव्हा मी उंबऱ्यावर पाणी ओतलं होतं. याच नळाचं. त्याची वाट पाण्यासारखी सरळ व्हावी म्हणून.

दिल्याना : आठवतंय. फूलपण घातलं होतंत भांड्यात.

त्सोना : झाली की सरळ. मागे वळायलाच जागा राहिली नाही.

दिल्याना : फोनवर तुम्हाला तो काय म्हणाला, मी कधी विचारलं नाही.

त्सोना : मी तरी तुला कुठे विचारलं?

दिल्याना : मला म्हणाला, तिकडेच राहतोय. तिकडे त्याचं कोणीतरी आहे.

त्सोना : मलाही तेच म्हणाला. तुझ्या कानावर घालू नको म्हणाला.

दिल्याना : मग ते खोकं कशासाठी जपून ठेवलंय?

त्सोना : तो यायचाय तोवर तू माझी सून. यायचा नाही म्हटलं, की तू इथे कोण? तुझी बहीण प्लोव्हदिव्हला बोलावतेच आहे. तू बॅग भरलीस तर मी कुठल्या तोंडाने थांब म्हणणार?

दिल्याना : बॅग भरायची असती तर या नळाच्या मागे लागले असते का?

त्सोना : माझ्या बोटांसाठी लागलीस.

दिल्याना : तुमच्या बोटांच्या नावावर खपवतेय. सकाळी मलाही इथेच तोंड धुवायचं असतं. या पाण्याने माझे दात ठणकतात.

त्सोना : इतकी वर्षं बोलली नाहीस ते.

दिल्याना : तुम्ही वाट बघत होतात.

त्सोना : आणि मला वाटायचं, तूच बघतेयस. बहिणीला काय सांगितलंस?

दिल्याना : तिच्याकडे झोपायला सोफाच आहे. इथे माझी खोली आहे, म्हटलं.

किरोचा आवाज : त्सोनाकाकू, वरचं झालं. पाणी सोडतोय लाइनला.

दिल्याना : आई.

किरोचा आवाज : सोडू ना?

त्सोना : थांब, किरो. नको सोडूस. आधी खाली ये. आमच्या भिंतीला भोक पाडायचंय. नळ आहे आमच्याकडे.

किरोचा आवाज : तो नळ ना? तो तर प्लामेन येऊन बसवणार होता की.

त्सोना : तो नाही यायचा आता. तू ये.