इनासची गाठ

आमच्या इनासची गाठ सुटलेली मी कधी पाहिली नाही. दर पावसाळ्यात आमची पैज लागायची. एक गळ तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या गुळगुळीत दोऱ्याला बांधायचा, एक विणलेल्या दोरीला, आणि दोन्हींना वाळूची बादली लटकवून बघायची.

यंदा घशाच्या कॅन्सरवरचं रेडिएशन संपवून तो गोव्याहून परतला, तेव्हा पुन्हा बादली टांगली. दोरीची गाठ टिकली. तंगुसाची मात्र अर्ध्या बादलीलाच तुटली.

"सुकीच आवळलंस काय रे?" मी हसत म्हटलं. तंगुसाची गाठ थुंकीने ओली करूनच आवळायची, हे त्यानेच मला शिकवलेलं.

"लाईट दिल्यानी तेवापासून तोंडात थुकीच येना नाय रे."

त्याने नवी गाठ घातली आणि न आवळताच माझ्यापुढे धरली. "तू ओली कर."

मी ती ओठांत धरली. बघतो तर, माझंही तोंड कोरडं पडलेलं.