सरगुंडे शिकवणारी सासू

रामदासपेठेतल्या दवाखान्यात नंबराची वाट पाहता पाहता दामिनीच्या डोळ्यांवर झापड येत होती. सासूबाईंचं रात्री चार-चारदा उठणं आता सवयीचं झालं होतं. या घडीला मात्र त्या तिच्या खांद्याला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. पुढच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"कुंदा, लय ताजी दिसून राहिली वं! सासूले कोणापाशी ठेवलं?"

"ज्येष्ठांच्या केंद्रात. मंगळवारी अन् शुक्रवारी, दहा ते चार. गाडी येते न्यायले."

"अन् त्या जातात? काहून?"

"खोटं बोलली ना मी! म्हटलं, तिथल्या बायाईले शेवयांसारखे गव्हाचे सरगुंडे काडीवर वळता येत नाही, तुम्ही शिकवा. तवापासून सरगुंड्याची काडी पिशवीत टाकून सकाळीच फाटकापाशी उभी राहते बुढी."

"अन् तू?"

"मी झोपते. पयल्या दिवशी तं गाडी परत आली तवाच उठली."

"त्याईले खोटं समजलं नाही?"

"मले बी वाटे, नाही समजलं. परवा तिथल्या ताईनंच मले सांगतलं. थे त्याईले म्हणाली, आजी, सरगुंडे आता साऱ्याईले येते, घरी आराम करा. तं बुढी म्हणते, 'हळू बोल बाई. थे तं ह्याईले पयलेपासूनच येत होते. पण मी घरी राहिली तं माही सून झोपन कवा?'"

तेवढ्यात कुंदाचा नंबर आला. ती उठून आत गेली.

दामिनीनं सासूबाईंची शाल सारखी केली. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"दामिनी," त्या हळूच म्हणाल्या, "सरगुंडे तं मले बी येते वं."