दुमडलेला पाइप

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवराबायको बसले होते. बायकोच्या भावाकडून आठवड्यापूर्वी घेतलेली त्यांची जुनी फोर-बाय-फोर जीप समोर वर उचलून ठेवली होती. तिच्याखालून मेस्त्री एक पाइप घेऊन बाहेर आले.

“ताई, मागच्या चाकांना ब्रेकच नाही. हा ब्रेक ऑइलचा पाइप बघा. पक्कडीनं दुमडून चेपलाय.”

“मुद्दाम?”

“मुद्दामच. गळत असणार. बदलायचा सोडून तोंडच बंद केलंय.”

“बघितलंस? माझा सख्खा भाऊ! सकाळी फोनवर उगाच नाही झापलं मी त्याला.”

“जाऊ दे ना. मेस्त्री नवीन टाकतील.”

“जाऊ दे काय? काल दोन्ही पोरांना घेऊन टेकडी उतरले मी! पाय दाबून दाबून गाडी थांबेना.”

“ताई, एक सांगू? पाइप सगळा गंजलाय, पण घडी अजून चकचकीत आहे. फार तर चार दिवसांची असेल.”

“चार दिवस? तेव्हा तर गाडी आमच्याच दारात होती.”

“मी पाणी घेऊन येतो.”

“बस खाली. रविवारी गाडीखाली तासभर काय करत होतास?”

“तेल गळत होतं गं. व्हिडिओत दाखवलं तसं केलं. तात्पुरतं.”

“आणि काल चावी माझ्या हातात दिलीस?”

“विसरलो.”

“पोरं होती रे गाडीत.”

तेवढ्यात बायकोच्या हातातला फोन वाजला.

“हा बघ, दादाचाच फोन. घे. तूच सांग त्याला.”