गाणं थांबवायचं कसं

आमच्या ह्यांचा बँड वरातीत वाजवतो, तेव्हा गाणं संपवायची सवयच नाही. दारात नवरदेवाला ओवाळायला ताट पुढं आलं की सगळे आपोआप थांबतात.

आमचं लग्न झालं, सीझन संपला आणि ह्यांनी स्वतःची गाणी कॅसेटवर भरायला घेतली. पुढची कामं ती ऐकवूनच मिळणार होती. पंचवटीतल्या खोलीत सकाळपासून पहिलंच गाणं चाललेलं. दर वेळी टेप संपायची, बँडवाले थांबायचे नाहीत.

"अरे, थांबा की कुणीतरी."

"तू थांब आधी."

शेवटी ढोलवाले मामा दमून म्हणाले, "सूनबाई, ताट घेऊन दारात उभी राहा बरं."

मी उभी राहिले. गाणं झकास थांबलं.

हे म्हणाले, "छान. अजून पाच आहेत, ताट खाली ठेवू नकोस."