साळूबाईचं सोंग कुणाच्या घरचं?

...आणि ही बातमी, ललितभाऊ, चहाचा कप हातात देता देता सांगायची? "मावशी, सिनेमाच्या दुसऱ्या भागात साळूबाईचा आवाज मुंबईच्या हिरॉईनचा." ही काय रीत झाली? सांगा की!

बरं, माईकवर आलेय तर रीतीनं बोलते. सोहळ्याचे अध्यक्ष, आमच्या कॉलनीचे धनराजभाऊ. ज्यांच्या गोष्टींच्या पुस्तकांवरून हा जनावरांचा सिनेमा झाला त्या चैतालीताई. आज ज्यांचा सत्कार आणि मुंबईला चालले म्हणून निरोपही, ते डायरेक्टर ललितभाऊ. आणि समोर बसलेली तुम्ही सगळी, पोराटोरांसकट, नवसाबाईचा नमस्कार घ्या. धनराजभाऊ, घड्याळ दाखवू नका. तुम्ही एवढं बोललात, तेव्हा आम्ही दाखवलं का?

मी ललितभाऊंच्या स्टुडिओत भाकरी-कालवण करते. शाळा चौथीतच सुटली. एक दिवस जेवायला बोलवायला आत गेले, तर पडद्यावर अस्वलीण पिल्लं सोडून निघालेली, चंद्र गिळलेल्या अजगराला शोधायला. माझा जीव राहतोय का? ओरडले, "अगं ए बये, लेकरं कुणाच्या जिवावर टाकून चाललीस? चंद्र काय पळून जातोय?"

म्हटलं, गेलं आपलं काम. तर ललितभाऊ खुर्चीवरून उठून नाचायलाच लागले! "मावशी, परत म्हणा!" परत कसं म्हणू? राग काय फ्रीजमध्ये ठेवलेला असतो?

ताईंच्या पुस्तकात साळूबाई, म्हणजे साळिंदर, मुकी. अंगावरचे काटे फुलवते आणि निघून जाते. ताईच म्हणाल्या, "हिला नवसाबाईंची जीभ द्या." दिली! पहिल्या भागात साळूचा आवाज माझाच. अजगराच्या जबड्यासमोर उभी राहून साळू काय म्हणते? "चंद्र ओक, नायतर आत येऊन काटे फुलवीन!" हे माझं स्वतःचं, कुणी लिहून दिलेलं नाय. बघा, पोरं लागली ओरडायला! ओरडा रे, लय भारी!

पहिल्या खेळाला पेठकडचं आमचं गाव टेम्पो भरून आलं. आमच्याकडं बोहाडा असतो. देवांचे, जनावरांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात, आणि सोंग समोर आलं की ओवाळायचं असतं. पडद्यावर साळूबाई आली तशी माझी सासू भागीबाई ताट घेऊन उभी! टॉकीजवाला धावत आला, "आजी, इथं दिवा लावायचा नाही!" सासू म्हणते, "मग तुझी बॅटरी धर!" धरली बिचाऱ्यानं. ओवाळलं. मागचे ओरडतायत, "खाली बसा!" आणि आमची रांगच्या रांग हात जोडून उभी. हसता काय ललितभाऊ, तुम्हीपण उभे होता!

आता मुद्दा. आमच्या गावात ज्या घरानं सोंग उभं केलं, सोंग त्या घरचं. धनी थकला तर लेक नाचेल, सून नाचेल. शेजारी दिसायला देखणा म्हणून त्याला देत नाहीत. हिरॉईन गोड बोलते, मान्य. पण साळू गोड बोलली तर अजगर चंद्र ओकेल का? म्हणे, पैसे घालणाऱ्यांचा आग्रह आहे. त्यांना घेऊन या माझ्यापुढं, मी बोलते.

आणि हे काय नुसतं माझं रुसणं नाय. गावानं यंदाच्या बोहाड्यात साळूबाईचं नवं सोंग घ्यायचं ठरवलंय. माझ्या आठवणीत नवं सोंग कधी आलेलं नाय! मुखवटे करणारा बुधा शुक्रवारी माप घ्यायला बसतोय. ज्याचं सोंग, त्याच्या डोक्याचं माप. मग माझं डोकं द्यायचं, का हिरॉईननं तिचं घेऊन पेठला यायचं?

चैतालीताई, मुक्या जनावराला जीभ दिलीत, तुमचे उपकार. ललितभाऊ, स्वयंपाकवाल्या बाईचं नाव एवढ्या मोठ्या पडद्यावर लावलंत, ते मी मरेपर्यंत सांगत फिरणार. मुंबईला सुखानं जा, जेवण वेळेवर करा. सत्काराच्या दिवशी भांडले, माझी जीभच तशी, मोठ्या मनानं पोटात घाला. मंडळी, ऐकून घेतलंत, आभारी आहे.

पण गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मला हो का नाय ते कळलं पाहिजे. फोन करा, मेसेज नको, मला वाचायला वेळ लागतो. आणि "बघू, मावशी" हे उत्तर धरलं जाणार नाय.